सुधाकरभाऊंची खंडेनवमी

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. सुनंदावहिनी, प्राजक्ता, हिंगोलीहून एवढ्या लांब आलेले भाऊंचे थोरले बंधू. दूध सोसायटीचे आबा, तुम्हालाही.

मी शैला. तहसील कचेरीसमोरची झेरॉक्सवाली. दिवसभर मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची मला सवय. पण आज माईकपुढं उभी आहे, आवाज चढवायची गरज नाही. शेजारचं शटर आठवडाभर बंद आहे. सकाळी माझं शटर वर करताना मी अजूनही एकदा तिकडं बघते. भाऊ आधीच येऊन चहा सांगून बसलेले असायचे. आता तिथं कुलूप असतं.

मघाशी कुणीतरी माझ्या कानात सांगितलं, शैलाताई, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोला. चांगलंच बोलणार आहे. सुधाकरभाऊंबद्दल वाईट बोलायला माझ्याकडं काही नाहीच. पण या मंडपात जे बसलेत त्यांच्याबद्दल थोडं वाकडं बोलावं लागेल. गोड मानून घ्या, नाहीतर कडू मानून घ्या. आज मी थांबणार नाही.

भाऊ इकडचे नव्हते. हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, कारण ते आपण त्यांना कधी विसरूच दिलं नाही. पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअरला नोकरी म्हणून आले. कारखाना बंद पडला. बरोबरची माणसं गावाकडं परत गेली. भाऊ मात्र पौडात आले आणि माझ्या शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून बसले. तेव्हा पौडात कॉम्प्युटर होते तरी किती? जे होते ते सगळे आजारी. खडीच्या ट्रकची धूळ, घडीघडी जाणारी वीज, आणि डब्यात ऊब बघून शिरणाऱ्या पाली. भाऊ डबा उघडायचे, रंगकामाच्या ब्रशनं धूळ झाडायचे आणि मशीनशी बोलायचे. "काऊन रुसला रे बाबा?" मी भिंतीपलीकडून ओरडायचे, "भाऊ, माझ्याशी बोलताय का?" तर म्हणायचे, "नाही ताई. तुमचा रुसवा माह्या ब्रशानं निघत नसतो."

हसा. हसायला हरकत नाही. ते असेच होते.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभी राहिलेय ती सांगते. ती आपल्याला माहीत आहे असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. म्हणूनच पहिल्यापासून सांगते.

कॉम्प्युटर आतून साफ करणारं एक सॉफ्टवेअर होतं. फुकट मिळायचं. परदेशातल्या कंपनीचं. जगभर लोक वापरायचे. पडद्यावर त्याचं चित्र म्हणजे एक निळी बादली. त्या बादलीवर दोनदा टिचकी मारली की आत साठलेला फालतू कचरा निघायचा आणि मशीन जरा पळायला लागायचं. भाऊंनी ते सगळीकडं घातलं. आबांच्या दूध सोसायटीत, शाळेत, फोटो स्टुडिओत, माझ्याकडं, पार माझ्या माहेरी घोटावड्यापर्यंत. इंग्रजी नाव कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे बादलीच म्हणायचे. "भाऊ, बादली फिरीवली तरी मशीन लई हळू चालतंय."

आणि खंडेनवमी. खंडेनवमीला आपण काय करतो? कोयता-विळा पूजतो. रिक्षा, ट्रॅक्टर धुऊन हार घालतो. कॉम्प्युटर आले तसे आपण त्यांनाही हळदकुंकू लावायला लागलो. भाऊंना त्याचं फार कौतुक. फक्त त्यांची एक अट असायची. "ताई, ट्रॅक्टर धुतल्याबिगर हार घालता का? मंग याला काऊन घालता? आधी आतून धुवा." म्हणजे पूजेआधी बादली उघडायची. ती विचारायची, नवीन आवृत्ती आली आहे, घेऊ का? हो म्हणायचं. मग साफसफाई. मग मशीन बंद करून हळदकुंकू, झेंडूचा हार, साखरफुटाणे. ज्यांच्याकडं इंटरनेट नव्हतं त्यांच्याकडं भाऊ स्वतः नवी बादली पेन ड्राइव्हवर घेऊन मोटरसायकलवरून जायचे. प्रसाद खात खात गावं पालथी घालायचे. वर्षातला तो एक दिवस असा, की त्या दिवशी त्यांना कुणी परकं म्हणायचं नाही.

तर अशाच एका खंडेनवमीला आपण सगळ्यांनी, एकाच दिवशी, आंघोळ करून, अगदी मनोभावे, त्या बादलीला हो म्हटलं.

दसरा झाला. घराघरात दिवाळीची झाडलोट निघाली होती. एका दुपारी भाऊ माझ्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"ताई, मशीन बंद करा."

मी म्हटलं, "अहो, गिऱ्हाईक उभं आहे."

"आधी बंद करा." आणि माझी वाट न बघता त्यांनी स्वतःच इंटरनेटची वायर ओढून काढली. कुणाच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात न लावणारा हा माणूस. मी घाबरलेच. विचारलं, झालं काय? तर म्हणाले, "बादली नासली."

मग त्यांनी सांगितलं. चोर त्या परदेशातल्या कंपनीतच शिरले होते. तिथं बसून त्यांनी बादलीच्या नव्या आवृत्तीत आपली वस्तू मिसळली. बाहेरून शिक्का कंपनीचाच. त्यामुळं कुणाला शंका येईना. खंडेनवमीला आपण घेतली ती आवृत्ती हीच. ती आपल्या मशीनमध्ये बसून आपले पासवर्ड गुपचूप बाहेर पाठवत होती. आणि कंपनीनं काय केलं होतं? आपल्या वेबसाइटच्या कोपऱ्यात चार ओळी लिहिल्या होत्या. इंग्रजीत. आता सुधारलेली आवृत्ती घ्या, काळजीचं कारण नाही. संपलं.

मी म्हटलं, "मग घालू या की सुधारलेली. कंपनीच म्हणतेय."

भाऊ म्हणाले, "ताई, आडात उंदीर मेला तर वरून ताजं पाणी ओतून भागतं का? आड उपसावा लागतो."

"मग उपसा. पण गुपचूप उपसा. एकेकाकडं जा, दुरुस्ती म्हणून सांगा, करून या. बोंब कशाला मारायची? कंपनी मारतेय का?"

त्यावर ते जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "कंपनीला इथं कोण ओळखतं, ताई? मला ओळखतात. आन् एकेकाकडं जाता जाता दिवाळी उलटून जाईल. तवर बाकीच्यांचं काय? माह्या हातानं गेलंय ते. प्रसाद खाल्लाय मी त्यांच्या घरचा."

आणि ते निघाले. कुठं गेले? इथं आले. याच देवळात. मी उभी आहे तिथंच उभे राहिले. आपल्या शिखराशेजारच्या या भोंग्यावरून आपण काय काय सांगतो? आज पाणी येणार नाही. रॉकेल आलंय. पोलिओचा डोस आहे. अमका वारला. या भोंग्यावर कॉम्प्युटरचं नाव तोवर कुणी घेतलं नव्हतं. भाऊ बोलले. हिंगोलीचा हेल लपवायचा प्रयत्न करत, शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहून बोलले.

"मी कॉम्प्युटरवाला सुधाकर बोलतो. खंडेनवमीला तुमच्या कॉम्प्युटरात जी बादली घेतली, ती खराब निघाली. तुमचा काही दोष नाही. ती माझ्या हातून आली. इंटरनेटची वायर काढा. मशीन बंद ठेवा. मी येतो. सगळ्यांकडे येतो."

मग गावोगावच्या देवळांत जाऊन हेच. घोटावड्याहून माझ्या चुलतीचा फोन. "शैले, तुजा त्यो शेजारी भोंग्यावर काय वरडतोय? आमच्या टीव्हीला काय व्हतंय का?" मी तिला म्हटलं, टीव्हीला काही होत नाही, काकू. माणसाला होतं. तेव्हा चेष्टेत म्हटलं होतं.

आणि भाऊ आले. सांगितल्याप्रमाणं सगळ्यांकडं आले. एकेक आड उपसला. प्रत्येक मशीन अगदी रिकामं करायचं आणि पहिल्यापासून भरायचं. पण त्याआधी प्रत्येकाची वस्तू बाजूला काढून ठेवायची. शाळेच्या प्रश्नपत्रिका. स्टुडिओतले लग्नांचे फोटो, एकेकाचे मामा आणि एकेकाच्या करवल्या. एकही फोटो गेला नाही. मग प्रत्येकाला बसवून नवा पासवर्ड घालायला लावायचे आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. "तुम्ही लिहा, मी तिकडं पाहतो." आपली माणसं काय करायची? मोठ्यानं विचारायची, "भाऊ, बायकूचं नाव टाकू का?" भाऊ कानांवर हात ठेवून ओरडायचे, "अहो, सांगू नका! मलाच सांगू नका!"

या कामाचा एक पैसा त्यांनी घेतला नाही.

आणि इथंच ते चुकले. हो, चुकले. कारण आपल्याला फुकट काम करणारा माणूस समजत नाही. पैसे घेतले असते तर म्हटलं असतं, दुरुस्ती केली. घेतले नाहीत, तर कुजबुज सुरू झाली. सोसायटीच्या ओट्यावर दूध घालताना कोण काय बोललं, हे मला सगळं माहीत आहे.

आबा, मान खाली घालू नका. तुम्ही म्हणालात, "फुकट करतोय म्हंजी चूक त्येचीच हाय. न्हाईतर कोन फुकट मरतंय?" आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढं गेलात. "त्येनंच घातलं आन् त्येनंच काढलं. धंदा हाय त्येचा. भाईरचा मानूस, भरवसा काय?" मी सोसायटीत येऊन तुमच्याशी भांडले होते, आठवतंय? तुम्ही म्हणालात, "शैले, तू गप. तुला काय कळतंय त्यातलं?" खरं आहे, मला कळत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. मग मी गप्प बसायचं आणि तुम्ही बोलायचं, हा कुठला न्याय?

पुढं पुण्याच्या पेपरांत आलं. त्या कंपनीनं उघडपणे कबूल केलं की चोर आमच्याच घरात शिरले होते. पण तोवर पौडात निकाल लागला होता. आणि निकालही एक नाही, दोन. काहीजण म्हणायचे, यानंच व्हायरस घातला. काहीजण म्हणायचे, काही नव्हतंच, कुणाचं काय गेलं? उगाच बोंब मारली. अरे, कुणाचं काही गेलं नाही, कारण त्या माणसानं रात्रीचा दिवस करून आड उपसला! आग लागायच्या आत विझवली तर आपण विचारतो, आग होतीच कुठं? चोर सोडून संन्याशाला सुळावर देणं म्हणतात ते हेच.

आणि नाव पडलं. बादलीवाला.

कॉम्प्युटरवाला सुधाकर गेला, बादलीवाला राहिला. स्टँडवर पोरं हाक मारायची. ए बादलीवाले! प्राजक्ता शाळेतून येताना रस्ता बदलून यायची. पोरी, मी बघत होते गं तुला.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी आली. भाऊंनी सकाळीच गाळा धुतला. मोटरसायकल पुसली. पेन ड्राइव्ह खिशात घातला. पेढ्यांची ताटली टेबलावर ठेवली आणि बोलावण्याची वाट बघत बसले. दुपार झाली, कुणी आलं नाही. शाळेनं पिरंगुटचा दुसरा माणूस लावला होता. सोसायटीत कॉम्प्युटरला हार घातला, पण चालूच केला नाही म्हणे. नकोच ती ब्याद. संध्याकाळी मी पेढा घ्यायला गेले. म्हटलं, "भाऊ, सांगा ना लोकांना. पेपरात आलंय, दाखवा ना." ते म्हणाले, "काय सांगू ताई? भोंग्यावरून एकदा खरं सांगून पाहिलं. दुसऱ्यांदा सांगितलं तर लोकांना खोटंच वाटंल."

त्यानंतर ते मशीनशी बोलायचे बंद झाले. भिंतीपलीकडं नुसता ब्रशचा आवाज यायचा. काम घटत गेलं. सुनंदावहिनी पिरंगुटला पॅकिंगच्या कामाला जायला लागल्या. भाऊंनी तुमच्यातल्या एकाबद्दलही कधी वाकडा शब्द काढला नाही. मला राग यायचा. त्यांना यायचा नाही. कदाचित येत असेल आणि आतल्या आत साठत असेल. तो कचरा काढायला कुठली बादली होती?

गेल्या आठवड्यात, भर दुपारी, ब्रशचा आवाज थांबला. मी हाक मारली. "भाऊ, चहा सांगू का?" पुन्हा हाक मारली. मग उठून गेले. टेबलावर डोकं ठेवून बसले होते. ब्रश हातातच. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम बंद पडलं. त्रास झाला नसेल. पण मनात म्हटलं, डॉक्टर, त्रास आधीच झाला होता.

आणि मग भोंगा वाजला. मी वहिनींजवळ बसले होते. त्यांच्या डोळ्यांतून अजून पाणीही आलं नव्हतं. भोंग्यावरून आवाज आला, "कचेरीसमोरचे बादलीवाले सुधाकर वारले." ज्यानं सांगितलं त्याच्या मनात पाप नव्हतं, मला ठाऊक आहे. त्याला खरंच दुसरं नाव माहीत नव्हतं. पण वहिनींनी मान वर केली आणि म्हणाल्या, "ताई, जाताना तरी नाव नीट घ्यायचं होतं हो." आणि मग रडल्या.

म्हणून मी आज उभी राहिले. फुलं वाहायला नाही.

थोरले भाऊ या दोघींना हिंगोलीला न्यायला आलेत. सामान बांधून झालंय. प्राजक्ताची बारावी इथं चालू आहे. वडिलांचं दुकान ती उघडू शकते, हात चालतो तिचा, मी पाहिलंय. तिला राहायचंय. पण काल रात्री वहिनींनी मला विचारलं, "ताई, इथं राहायचं तर माह्या पोरीनं कोणाची पोरगी म्हणून राहायचं?" सांगा, काय उत्तर देऊ मी त्यांना? आपण आज एवढे जमलो. मंडप भरलाय. भाऊ जिवंत असताना, त्या खंडेनवमीला, यातला एक माणूस पेढा घ्यायला आला असता तर? एकच?

आता एक मागणं आहे. आज हा आवाज फक्त मंडपातल्या खोक्यांवर येतोय. वरचा भोंगा बंद आहे. हे मंडपात बोलून भागणार नाही. जे नाव भोंग्यावरून गेलं ते भोंग्यावरूनच परत आलं पाहिजे.

आबा, देवस्थानचे अध्यक्ष तुम्ही. भोंग्याचं बटण तुमच्या मागच्या खांबावर आहे. मला तुमच्याकडून माफी नको. भाषणही नको. नुसतं बटण दाबा. दाबता?

...

उठलात. बाकीचे बसा, आबांना जाऊ द्या. कुणी हात धरू नका त्यांचा. त्यांना त्यांच्या पायानं जाऊ द्या.

लागला? लागला. आवाज घुमतोय. आता ऐका.

मी झेरॉक्सवाली शैला बोलते. आपल्या पौडचे कॉम्प्युटरवाले सुधाकरभाऊ गेले. त्या खंडेनवमीला आपल्या कॉम्प्युटरात जे खराब आलं, ते परदेशातल्या चोरांनी घातलं होतं. सुधाकरभाऊंचा काही दोष नव्हता. दोष आपल्या तोंडून आला. त्यांनी आपल्याला सावध केलं, आपलं सगळं राखलं, आणि सांगितल्याप्रमाणं ते सगळ्यांकडं आले. त्यांची मुलगी प्राजक्ता आणि सुनंदावहिनी आपल्याच गावच्या आहेत. पुन्हा सांगते. सुधाकरभाऊंचा काही दोष नव्हता.

भाऊ, तुमच्या वतीनं दुसऱ्यांदा सांगितलं. खोटं वाटलं नसेल अशी आशा आहे.

आता सगळ्यांनी उभं राहू या, भाऊंसाठी गप्प राहू या. नाही आबा, भोंगा बंद करू नका. चालूच राहू दे. इतकी वर्षं आपण बोलत होतो. आता गप्प आहोत, हे सगळ्या गावाला ऐकू जाऊ दे.